धुरावरून इंजिनाची परीक्षा

डिझेलवर चालणाऱ्या पिकअपमध्ये काही बिघडले की त्याची पहिली वर्दी बहुधा सायलेन्सर देतो. चढावर निघणारा काळा लोट, थंडीच्या सकाळी लवकर न विरणारा पांढरा धूर, मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या नाकाला झोंबणारा जळक्या तेलाचा दर्प. ही लक्षणे ओळखण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. अडचण त्यापुढे सुरू होते. धूर हे लक्षण आहे, रोग नव्हे, याचा विसर गॅरेजमध्ये फार लवकर पडतो. काळा धूर दिसला की टर्बोवर संशय, गाडी ओढत नसली की नोझलवर संशय, आणि दोन्ही बदलूनही फरक पडला नाही तर ‘इंजिन उतरवावे लागेल’ हा निकाल ठरलेला. कित्येकदा मूळ दोष दोन-अडीचशे रुपयांच्या रबरी नळीत किंवा सैल झालेल्या क्लिपमध्ये असतो.

नारायणगावहून रात्री टोमॅटो भरून पहाटे वाशीच्या बाजार समितीत पोचवणाऱ्या वाहनमालकाला ही चूक परवडणारी नसते. गाडी दोन दिवस उभी राहिली तर भाडे बुडते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. त्यातच १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ अर्थात बीएस-६ ही प्रदूषण मानके लागू झाली आणि धूर पाहून दोष ओळखण्याची जुनी विद्या निम्मी निरुपयोगी ठरली. नव्या गाड्यांत धूर बाहेर पडण्याआधीच गाळला जातो. दोष असतो, पण तो दिसत नाही. त्यामुळे जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पिढ्यांच्या पिकअपमध्ये निदान कोणत्या क्रमाने करावे, हे मालकालाही ढोबळमानाने ठाऊक असणे आवश्यक झाले आहे.

तीन गरजा, तीन धूर

पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये घेतलेली हवा पिस्टन तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्शापर्यंत दाबतो. या दाबाने हवेचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर जाते आणि त्या तप्त हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. म्हणजे इंजिन नीट चालायचे तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात : पुरेशी हवा, योग्य वेळी योग्य बारीकपणे फवारलेले इंधन आणि पुरेसे कॉम्प्रेशन. डिझेल इंजिनाच्या बहुतेक तक्रारी या तिहींपैकी एकीच्या उणिवेपाशी येऊन थांबतात.

काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेल्या इंधनाची काजळी. इंधनाच्या मानाने हवा कमी पडली, किंवा हवेच्या मानाने इंधन जास्त झाले, असा त्याचा सरळ अर्थ. हवा कमी पडण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे बुजलेला एअर फिल्टर. खडी, वाळू, सिमेंट वाहणाऱ्या किंवा कच्च्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरची वाट पाहत नाही. त्यानंतर क्रम लागतो टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन या मार्गातील नळ्यांचा. या नळ्यांना बारीक चीर गेली तर गाडी उभी असताना काहीच कळत नाही. भार घेऊन रेस दिली की मात्र ‘फुस्स’ असा आवाज येतो, ताकद जाते आणि काळा धूर निघतो. चिरेच्या भोवती तेलकट काळपट डाग दिसला तर वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही. हा दोष टर्बोच्या माथी मारला जातो. टर्बो हवा दाबण्याचे काम चोख करत असतो, ती वाटेत गळत असते.

इंधन जास्त होण्याची कारणे निराळी. नोझलची सुई नीट बसत नसेल तर फवाऱ्याऐवजी थेंब पडतात आणि थेंब पुरते जळत नाहीत. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांत आणखी एक खास देशी कारण आढळते : पंप ‘वाढवलेला’ असणे. क्षमतेपेक्षा जास्त माल भरूनही गाडी घाट चढावी म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून इंधनाचे प्रमाण वाढवले जाते. त्याने ताकद थोडी वाढते, धूर पुष्कळ वाढतो, आणि एक्झॉस्टचे तापमान इतके चढते की पिस्टन आणि टर्बो दोन्हींचे आयुष्य घटते. अशा गाडीत दोष शोधायला बसण्याआधी पंप मूळ मापावर आणणे हाच पहिला उपचार होय.

पांढऱ्या धुराचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे करण्याचे साधन नाक आहे. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला पांढरा धूर म्हणजे न पेटलेल्या इंधनाची वाफ. कॉम्प्रेशन कमी असणे, हीटर प्लग निकामी होणे किंवा इंधन चुकीच्या वेळी फवारले जाणे ही त्याची कारणे. किंचित गोडसर वासाचा, इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा धूर म्हणजे रेडिएटरमधील कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असल्याची खूण. तेथे हेड गॅस्केट फुटले आहे, हेडला तडा गेला आहे, किंवा एक्झॉस्टचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर कूलरला गळती आहे. यांपैकी शेवटची शक्यता तपासल्याशिवाय हेड उतरवू नये. कूलर बदलणे त्या मानाने फारच सोपे असते. निफाडच्या थंडीत सकाळी दोन-चार मिनिटे दिसणारी पाण्याची वाफ या कोणत्याच प्रकारात मोडत नाही, तिची चिंता नको.

निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो. घासलेल्या रिंग, झिजलेला बोअर, कडक झालेली व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचे सील यांतील एखादे कारण त्यामागे असते. गाडी सुरू करतानाच निळा धूर येऊन मग थांबत असेल तर रात्रभरात व्हॉल्व्ह सीलमधून तेल उतरले असण्याचा संभव अधिक. भाराखाली सतत येत असेल तर रिंग आणि बोअरकडे पाहावे लागते. टर्बोच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. टर्बोतून तेल बाहेर येते याचा अर्थ टर्बो खराब असा नेहमी नसतो. टर्बोतले तेल पुन्हा इंजिनात नेणारी नळी बुजली असेल, किंवा क्रँककेसमध्ये दाब वाढला असेल, तर उत्तम स्थितीतला टर्बोही तेल सोडतो. अशा वेळी नवा टर्बो बसवला तर तोही महिनाभरात तेच करू लागतो आणि दोष सुटे भाग विकणाऱ्याच्या वाट्याला जातो.

टर्बोच्या सीलने पूर्ण मान टाकली तर एक भयानक प्रकार घडू शकतो. इंजिन स्वतःचेच तेल इंधन म्हणून जाळू लागते आणि किल्ली बंद करूनही थांबत नाही. फेरे वाढतच जातात. अशा वेळी हवेचा मार्ग फळीसारख्या कठीण, सपाट वस्तूने बंद करणे, किंवा ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पाडणे, एवढेच उपाय हाती राहतात. हवेच्या तोंडावर हात किंवा फडके धरू नये. बोनेटपाशी जाणे धोक्याचे वाटले तर माणसांनी दूर व्हावे, इंजिन जाऊ द्यावे.

स्वस्त तपासण्या आधी

निदानाचा क्रम खर्चाच्या चढत्या भाजणीने असावा, हा नियम साधा आहे आणि तोच सर्वाधिक मोडला जातो. पाना हातात घेण्यापूर्वी पंधरा मिनिटांत पुष्कळ काही कळते. डिपस्टिक काढून तेलाची पातळी पाहावी. कमी असेल तर इंजिन तेल पीत आहे किंवा गळत आहे. पातळी वाढलेली असेल तर ते अधिक गंभीर समजावे, कारण तेलात डिझेल किंवा कूलंट मिसळत आहे. तेल दुधाळ दिसले तर पाणी, पातळ होऊन डिझेलचा वास आला तर इंधन. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून कूलंटवर तेलाचा तवंग आहे का ते पाहावे. मग इंजिन सुरू करून तेल भरण्याचे झाकण सैल करावे. तेथून धापा टाकल्यासारखा धूर येत असेल तर त्याला मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. जळलेले वायू रिंगमधून खाली उतरत असल्याचा तो पुरावा असतो. मात्र हा निष्कर्ष काढण्याआधी क्रँककेसची श्वासनळी बुजलेली नाही ना, हे पाहणे अगत्याचे. बुजलेल्या श्वासनळीने निरोगी इंजिनही धापा टाकते.

‘गाडीला पिकअप नाही’ ही पिकअपमालकांची सर्वांत मोठी तक्रार. ती इंजिनाचीच असेल असे गृहीत धरणे ही दुसरी मोठी चूक. घसरणारा क्लच आणि चिकटलेले ब्रेक हे दोन दोष इंजिनाच्या अशक्तपणाचे सोंग बेमालूम वठवतात. सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ती सहज घरंगळते का, आणि दहा किलोमीटर चालवल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापले आहे का, एवढे पाहिले तरी ब्रेकचा उलगडा होतो. क्लच घसरत असेल तर फेरे वाढतात, वेग वाढत नाही. चिकटलेल्या ब्रेकची गाडी काळा धूरही ओकते, कारण इंजिन अदृश्य भार ओढत असते.

इंधनाच्या बाजूला पहिला थांबा म्हणजे डिझेल फिल्टर आणि त्याखालचा पाणी साठण्याचा कप. पावसाळ्यात हा कप आठवड्यातून एकदा मोकळा करावा. कॉमन रेल इंजिनात इंधनाचा दाब १६०० बार आणि त्याहूनही वर जातो. पंपाच्या आणि नोझलच्या आतील भागांना वंगण डिझेलचेच मिळते. तेथे पाण्याचा अंश गेला की गंज आणि झीज यांना वेळ लागत नाही. केरोसीनच्या भेसळीचाही परिणाम तसाच, कारण केरोसीनमध्ये वंगणगुण कमी. महाराष्ट्रात ही भेसळ केवळ इंजिनांच्या मुळावर आली नव्हती. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधन भेसळीच्या टोळीने जिवंत जाळले होते. भेसळीच्या संशयावरून फिल्टर बदलताना जुना फिल्टर फेकून न देता कापून पाहावा. आत धातूचा चमकता चुरा आढळला तर पंप झिजू लागला आहे आणि केवळ नोझल बदलून भागणार नाही.

सुरू होण्याच्या तक्रारीत ‘केव्हा’ हा प्रश्न ‘का’ पेक्षा आधी विचारावा. थंड असताना सुरू होत नाही आणि एकदा सुरू झाली की दिवसभर ठीक, असे असेल तर हीटर प्लग, अशक्त बॅटरी, रात्रीतून इंधनाच्या नळीत शिरलेली हवा किंवा उतरलेले कॉम्प्रेशन यांचा विचार करावा. सकाळी झटक्यात सुरू होते पण गरम असताना बंद केली की पुन्हा लवकर सुरू होत नाही, हे कॉमन रेल गाडीत पंप किंवा नोझल झिजल्याचे लक्षण असू शकते. गरम डिझेल पातळ होते, झिजलेल्या फटींतून परत निसटते आणि रेलमध्ये इंजिन पेटण्याइतका दाब तयारच होत नाही.

कोणता नोझल खराब हे शोधण्याची एक सोपी आणि विश्वासार्ह रीत आहे. प्रत्येक नोझलच्या परतीच्या नळीला सारख्या मापाची बाटली जोडून इंजिन काही मिनिटे चालवायचे. ज्या बाटलीत डिझेल इतरांपेक्षा बरेच जास्त साठते तो नोझल आतून गळतो. चारही नोझल सरसकट बदलण्याचा सल्ला ऐकण्यापूर्वी ही तपासणी मागावी.

जुन्या पिढीतील मिस्त्री एकेका नोझलच्या नळीचा नट सैल करून इंजिनाच्या आवाजात फरक पडतो का ते पाहत असत. ज्याचा नट सैल करूनही आवाज बदलत नाही तो सिलिंडर आधीच काम करत नाही, असे त्यामागचे तर्कशास्त्र. टाटा २०७ च्या जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनांवर ही रीत चालून गेली. कॉमन रेल इंजिनावर ती कदापि वापरू नये. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि त्यापायी बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. अशी इजा झाली तर दुखत नसले तरी तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते. नव्या इंजिनात हीच परीक्षा स्कॅनर जोडून, एकेक नोझल विजेच्या आज्ञेने बंद करून घेता येते.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर कॉम्प्रेशन मोजण्याची वेळ येते. निरोगी डिझेल इंजिनात ते साधारण २५ ते ३५ बार भरते. नेमका आकडा इंजिनागणिक बदलतो. सिलिंडरा-सिलिंडरांत असलेला फरक अधिक बोलका असतो. सगळे थोडे थोडे उतरलेले असतील तर झीज, एकच उतरलेला असेल तर अपघात, असे ढोबळ सूत्र. उतरलेल्या सिलिंडरमध्ये बाहेरून दाबाची हवा सोडून ती कोठे निसटते ते ऐकावे. सायलेन्सरमधून हिसहिस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेलाच्या झाकणातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. इंजिन उतरवण्याचा निर्णय या परीक्षेनंतरच घ्यावा.

पावसाळ्यापुरती एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरात बंद पडलेली असंख्य वाहने पाणी ओसरताच पुन्हा सुरू करून पाहण्यात आली आणि त्यातील कित्येकांची इंजिने तेव्हाच खऱ्या अर्थाने गेली. पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये ते असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी ढकलून किंवा किल्ली फिरवून सुरू करू नये. नोझल किंवा हीटर प्लग काढून सिलिंडर मोकळे करूनच इंजिन फिरवावे. किंचित वाकलेला रॉड इंजिन चालूही देतो, पण त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कायमचे कमी होते आणि काही महिन्यांनी ‘विनाकारण’ पांढरा धूर सुरू होतो.

सायलेन्सरच्या बाजूने

एक्झॉस्टच्या मार्गातले दोष दोनच जातींचे असतात : गळती आणि अडथळा. मॅनिफोल्डचे गॅस्केट उडाले किंवा मॅनिफोल्डला तडा गेला तर थंड इंजिन सुरू करताच टॅपेटसारखी टकटक ऐकू येते आणि लोखंड तापून प्रसरण पावले की ती कमी होते. टॅपेट समजून त्यामागे तास घालवण्याआधी सांध्याभोवती काजळीचे फराटे आहेत का ते पाहावे. टर्बोच्या अलीकडची गळती केवळ आवाज करून थांबत नाही. टर्बो ज्या वायूंच्या जोरावर फिरतो तेच वाटेत सुटल्याने हवेचा दाब घटतो, ताकद जाते आणि काळा धूर दिसू लागतो. हे वायू केबिनमध्ये शिरत असतील तर दुरुस्ती उद्यावर टाकण्याची सोय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात समाविष्ट केला आहे. चालक त्या केबिनमध्ये रोज दहा-बारा तास बसतो.

अडथळ्याचे लक्षण म्हणजे गाडी एका ठरावीक वेगापलीकडे जाण्याचे नाकारते, रेस दिली तरी घुसमटल्यासारखी वागते आणि बोनेटखालची उष्णता वाढते. गतिरोधकावर आपटून दबलेला पाइप, आतून सुटलेली सायलेन्सरची पत्रे, चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, यांपैकी काहीही असू शकते. टर्बोच्या पुढे दाबमापक लावून भाराखालचा दाब पाहिला की शंका मिटते. रस्त्याकडेच्या वेल्डिंगवाल्याने मूळ व्यासापेक्षा लहान पाइपचा तुकडा जोडला असेल, तर तो अडथळाही याच यादीत धरावा.

बीएस-६ नंतरचे चित्र

डिझेलमधील गंधकाचे प्रमाण बीएस-३ च्या काळात दशलक्ष भागांत ३५०, बीएस-४ मध्ये ५० आणि बीएस-६ मध्ये केवळ १० भागांवर आले. इंधन एवढे स्वच्छ झाल्यामुळेच एक्झॉस्टच्या वाटेवर नाजूक शुद्धीकरण यंत्रणा बसवणे शक्य झाले. त्यात काजळी अडवणारा डीपीएफ हा गाळणीसारखा भाग मुख्य. नायट्रोजनची ऑक्साइड कमी करण्यासाठी काही वाहनांत युरियाच्या द्रावणावर चालणारी एससीआर यंत्रणा असते, काहींत निराळा उत्प्रेरक.

डीपीएफमध्ये साठलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते. त्यासाठी इंजिन जादा इंधन सोडून एक्झॉस्टचे तापमान सुमारे सहाशे अंशांपर्यंत नेते. महामार्गावर ही क्रिया पंधरा-वीस मिनिटांत पार पडते आणि चालकाच्या लक्षातही येत नाही. शहरात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारून दर थांब्याला इंजिन बंद करणाऱ्या पिकअपमध्ये ती प्रत्येक वेळी अर्ध्यावर तुटते. काजळी साठत जाते, अर्धवट राहिलेले जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून तेलात उतरते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते ती बहुधा यामुळे. गाडी उभी असताना फेरे किंचित वाढलेले, पंखा जोरात आणि मागून तापलेल्या धातूचा वास, अशी चिन्हे दिसली तर शक्य असल्यास काही वेळ मोकळ्या रस्त्यावर चालवून ती क्रिया पूर्ण होऊ द्यावी. मात्र त्या अवस्थेत सुक्या गवतावर किंवा कडब्यावर गाडी उभी करू नये.

येथे निदानातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. चोंदलेला डीपीएफ हा क्वचितच मूळ दोष असतो. थेंब गाळणारा नोझल, चिरलेली टर्बोची नळी, उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, तेल सोडणारा टर्बो; जुन्या गाडीत ज्याने काळा किंवा निळा धूर आला असता, तोच दोष नव्या गाडीत निमूटपणे डीपीएफ भरत राहतो. नवा डीपीएफ महाग असतो. मूळ कारण न शोधता तो बसवणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी सतरंजी अंथरणे. काजळी जाळता येते, पण इंजिन ऑइलमधील क्षारांची राख जळत नाही. म्हणून अशा गाडीत कंपनीने सांगितलेले कमी राखेचे तेलच घालावे लागते. दोन-चारशे रुपयांची बचत डीपीएफच्या आयुष्यातून वसूल होते.

गॅरेजमध्ये यावर एक ‘कायमचा इलाज’ सुचवला जातो : डीपीएफ आतून पोकळ करून संगणकातील त्याची नोंद पुसून टाकणे. गाडी चांगली पळते हे खरे. मूळ दोष मात्र तसाच राहतो, फक्त आता त्याची काजळी शाळेच्या दारातल्या आणि सिग्नलवरच्या माणसांच्या छातीत जाते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषण मानकांच्या भंगासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. असा फेरफार ओळखणेही कठीण नाही. चांगल्या स्थितीतील बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात, इंजिन थंड असताना, बोट फिरवले तर ते जवळपास स्वच्छ निघते. काळेकुट्ट निघाले तर डीपीएफला तडा गेला आहे किंवा तो तेथे नाहीच. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने ही परीक्षा अवश्य करावी.

युरियाच्या द्रावणाबाबतही काटकसर अंगाशी येते. या द्रावणात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि उरलेले खनिजमुक्त पाणी असते. शेतीचा युरिया नळाच्या पाण्यात विरघळवून ते बनत नाही. त्यातील अशुद्ध घटक फवारणी यंत्रणेत खडे धरतात आणि उत्प्रेरक निकामी करतात. फवारणीच्या जागी पांढरे स्फटिक साठलेले दिसले तर आधी द्रावणाची प्रत तपासावी. हे द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत पडले तर किल्लीही फिरवू नये. टाकी रिकामी करणे पंप बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

कोड म्हणजे निकाल नव्हे

पॅनेलवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला की स्कॅनर जोडून कोड वाचला जातो आणि कोडमध्ये ज्या भागाचे नाव येते तो भाग बदलला जातो. हा प्रकार धुराचा रंग पाहून टर्बो बदलण्यापेक्षा काही फारसा शास्त्रीय नाही. पी ०२९९ हा कोड टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे सांगतो. टर्बो खराब आहे असे सांगत नाही. पी ०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह अपुरा. व्हॉल्व्ह, बुजलेला मार्ग किंवा मोजणारा सेन्सर यांतील कोणीही दोषी असू शकतो. पी ००८७ हा रेलमधील इंधनाचा दाब कमी असल्याचा, आणि त्याचे कारण बुजलेल्या फिल्टरपासून झिजलेल्या पंपापर्यंत कोठेही असेल. पी २४६३ डीपीएफमध्ये काजळी साठल्याचे सांगतो, ती का साठली याबद्दल अवाक्षर काढत नाही. कोड पुसण्यापूर्वी तो नोंदला गेला त्या क्षणाचा वेग, भार आणि तापमान यांची जी नोंद संगणकात असते ती उतरवून घ्यावी. मोकळ्या रस्त्यावर मिळालेला कोड आणि घाटात मिळालेला कोड यांचा अर्थ वेगळा असतो.

सेन्सर खरे बोलतो की नाही हे तपासण्याची रीतही सोपी आहे. किल्ली चालू, इंजिन बंद, अशा स्थितीत हवेच्या दाबाचा सेन्सर बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. मुंबईत तो १०१ किलोपास्कलच्या जवळपास, पुण्यात ९५, तर महाबळेश्वरला ८६ च्या आसपास भरतो. मुंबईत उभ्या असलेल्या गाडीने ८६ दाखवले तर सेन्सर चुकतो आहे. त्याच स्थितीत डीपीएफच्या दोन्ही टोकांमधील दाबाचा फरक शून्य असला पाहिजे. शून्य नसेल तर डीपीएफला हात लावण्याआधी तो सेन्सर आणि त्याला जोडणाऱ्या दोन बारीक नळ्या पाहाव्यात. त्या वितळलेल्या, चिरलेल्या किंवा काजळीने बुजलेल्या सापडतात.

पीयूसी प्रमाणपत्राच्या वेळी होणारी धूरतपासणी ही निदानाची पर्यायी पद्धत नव्हे. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल वाहनांना ६५ आणि बीएस-४ वाहनांना ५० हार्ट्रिज एकके ही त्यातली मर्यादा. थंड इंजिनाने तपासणीला गेलेली निरोगी गाडीही नापास होऊ शकते, आणि डीपीएफ असलेली आजारी गाडी सहज पास होते. नायट्रोजनची ऑक्साइड तर या यंत्राला दिसतही नाहीत.

दुरुस्तीनंतरचे एक काम बहुतेक ठिकाणी राहून जाते. पुष्कळशा कॉमन रेल इंजिनांत नव्या नोझलवर छापलेला संकेतांक संगणकात भरावा लागतो, आणि डीपीएफ बदलल्यावर जुन्या काजळीची नोंद शून्यावर आणावी लागते. ते न केल्यास नवे भाग जुन्या भागांच्या हिशेबाने चालवले जातात आणि तक्रार परत येते. बिल चुकते करण्यापूर्वी ही दोन्ही कामे झाली का ते विचारावे, काढलेले जुने भाग ताब्यात घ्यावेत आणि गाडी रिकामी न फिरवता नेहमीचा माल भरून, मिस्त्रीला शेजारी बसवून, एखाद्या चढावर चालवून पाहावी. जी गाडी गॅरेजच्या दारात सुरळीत चालते तिचा दोष भाराखालीच पुन्हा उघडा पडतो.